गाळलेला रकाना

आमच्या बस डेपोत माझ्या फळ्याला जितका मान आहे तितका मला नाही, आणि ते बरोबरच आहे. मी चिडका माणूस आहे, फळा चिडत नाही. एकतीस वर्षं मी टाइमकीपर म्हणून त्या फळ्यावर गाड्यांचं वेळापत्रक लिहितोय: कुठली गाडी, कुठला ड्रायव्हर, कुठल्या फलाटावरून, किती वाजता. डेपोत मला ‘घड्याळ’ म्हणतात. तोंडावर सहसा कुणी म्हणत नाही, पण माझे कान अजून शाबूत आहेत.

फळ्याचा एक नियम मला माझ्या आधीच्या टाइमकीपरने पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. जे सगळ्या ओळींत सारखं असतं ते फळ्यावर लिहायचं नाही. सगळ्याच गाड्या डिझेलवर चालत असतील तर ‘डिझेल’ असा रकाना कशाला हवा? ड्रायव्हर गाडीतून उतरतो, घोटभर पाणी पितो, तेवढ्यात त्याचा फळा वाचून व्हायला पाहिजे. फरक तेवढा लिहायचा, बाकीचं पुसायचं. हा नियम माझ्या अंगात इतका मुरला की घरी सामानाची यादीसुद्धा बायको मला करू देत नाही. मी मीठ लिहीतच नाही, कारण ते दर महिन्याला लागतंच.

त्या वर्षी कंपनीने स्वतःची पेन्शन बंद करायचं ठरवलं. इतकी वर्षं आमच्या पगारातून कापलेली रक्कम बाहेरच्या एखाद्या फंडाकडे जाणार होती, आणि तो फंड ज्याचा त्याने निवडायचा होता. मुदत एक महिना. तीन फंडांची तीन माहितीपत्रकं आली आणि डेपोत सगळ्यांचं डोकं फिरायची वेळ आली. एक फंड सांगत होता की हजारामागे वर्षाला इतके मिळतील. दुसरा नुसती वाढीची टक्केवारी देत होता, आणि कापून घ्यायची फी शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत. तिसरा महिन्याचा आकडा द्यायचा, पण तो आकडा सुरू व्हायचा तिसऱ्या वर्षापासून. म्हणजे एक सांगतो किलोत, दुसरा डझनात आणि तिसरा म्हणतो घेऊन तर बघा. समुद्राकाठी हसत उभं असलेलं पांढऱ्या केसांचं एकच जोडपं दोन पत्रकांवर होतं. त्यांनी बहुधा दोन्हीकडे पैसे ठेवले असावेत.

जो तो ती पत्रकं घेऊन माझ्या खिडकीशी यायला लागला. साहेब, तुम्हीच सांगा, आम्हाला यातलं काही कळत नाही. मला राग आला. या लोकांचा नाही, पत्रकं लिहिणाऱ्यांचा. माणसाला तुलना करता येऊ नये म्हणूनच ती लिहिली होती, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. मग चार संध्याकाळी बसून मी हिशोब केला. पंचवीस वर्षं नोकरी झालेला एक माणूस धरला आणि तिन्ही फंडांना त्याच्याच मापाने मोजलं. निम्मा फळा पुसून त्यावर रकाने आखले: दर महिन्याला हातात किती, पहिली रक्कम कधी, दर वर्षी वाढ किती, फी किती, मध्येच बाहेर पडता येतं का.

सहावा रकानाही आखला होता. त्याचं नाव ‘पश्चात’. सभासद गेल्यावर जोडीदाराला किती. तिन्ही फंडांचं उत्तर एकच होतं, निम्मी पेन्शन, मरेपर्यंत. तिन्ही ओळींत सारखं. मी डस्टर उचललं आणि तो रकाना पुसून टाकला.

लोक खूश झाले. पाणी पिता पिता वाचून व्हायला लागलं. दुसऱ्या डेपोंतून माणसं येऊन फळ्याचा फोटो काढून घेऊन गेली, आणि मी दोन दिवस जरा छाती काढूनच फिरलो.

चौथं पत्रक दहा दिवस उशिरा आलं. कागद गुळगुळीत, आणि सोबत प्रत्येकाला एक पेन. नवीन गाडी आली की मी तिचा इतिहास विचारत नाही. कधी सुटणार, कुठे जाणार, एवढं विचारतो आणि रकाने भरतो. इथेही तेच केलं. पाच रकाने होते, पत्रकात पाच उत्तरं शोधली, पाच चौकटी भरल्या. दर महिन्याची रक्कम बाकीच्या तिघांपेक्षा एक पंचमांशाने जास्त निघाली. मी ओळी रकमेप्रमाणे लावल्या होत्या, त्यामुळे चौथा फंड सगळ्यात वर जाऊन बसला. हे जास्त का देतात, असा प्रश्न मला पडला होता, खोटं कशाला बोलू. नवीन कंपनी आहे, गिऱ्हाईक ओढायला देत असतील, असं मीच माझं समाधान करून घेतलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हणत असावेत.

एकतीस जणांनी चौथा फंड घेतला. त्यात मी होतो. आणि माझ्या धाकट्या बहिणीचा नवराही होता.

दाजी आमच्याच डेपोत ड्रायव्हर. चांगला माणूस आहे म्हणून बहिणीसाठी मीच जुळवलं होतं. डेपोत त्यांचं नाव ‘सावकाश’. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एक अपघात झाला नाही आणि एकदाही गाडी वेळेवर आली नाही. सात मिनिटं उशीर ठरलेला. त्या सात मिनिटांवरून आम्ही सव्वीस वर्षं भांडलो. अर्ज भरायच्या दिवशी ते फळ्यासमोर उभे राहिले, ग्लासातलं पाणी संपवलं आणि म्हणाले, तुमच्या फळ्यावर वर आहे ना, मग झालं. दोन दिवसांनी गाडी चालवताना त्यांच्या छातीत कळ आली. त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, दार उघडून प्रवाशांना खाली उतरायला सांगितलं आणि मगच डोकं स्टिअरिंगवर टेकलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी बहिणीला आणि मला आपल्या खोलीत बोलावून सांगितलं की हृदय फार थोडं चालतंय आणि आता ते सुधारायचं नाही. दिवस मोजायचे, फार तर आठवडा दोन आठवडे. बहीण खोलीतून बाहेर आली, बेसिनवर तोंड धुतलं आणि नवऱ्याला जाऊन सांगितलं की नवीन औषध लागू पडतंय, पुढच्या आठवड्यात घरी सोडतील. मीही मान हलवली. तेव्हापासून ते खाटेवर पडून तिच्यावर खेकसायचे: चहा कोमट आहे, उशी चुकीची आणली, पंख्याचं बटण एवढ्या जोरात दाबतात का. घरी चालायचं तसंच. ती उलट उत्तरं द्यायची आणि मी दाराशी उभा राहून ऐकायचो.

मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. निवडलेला फंड बदलायचा असेल तर त्या दिवशी पाच वाजेपर्यंत, सभासदाने स्वतः सही केलेला अर्ज कंपनीच्या ऑफिसात द्यायचा, असा नियम होता. सकाळी मी चहा पीत होतो आणि बायको टेबलावरचं चौथ्या फंडाचं पत्रक चाळत होती. तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं आणि पुन्हा मागे आली.

“यात मी कुठे आहे?” तिने विचारलं.

मी म्हणालो, ते सगळ्यांत सारखंच असतं, निम्मी. कुठे लिहिलंय ते दाखवा, म्हणाली. मी चष्मा लावला. अकराव्या पानावर तळाशी एक ओळ होती. पेन्शन सभासदाच्या हयातीपुरती, त्यानंतर कोणतीही रक्कम देय नाही. जोडीदाराला काही नाही, मुद्दलही परत नाही. तो जास्तीचा पंचमांश कुठून आला होता ते मला कळलं. तो बायकांच्या ताटातून काढलेला होता, आणि वाढपी मी होतो.

चहा तसाच टाकून मी डेपोत पळालो. सगळा फळा पुसला, त्या दिवसाच्या गाड्यांसकट, आणि हातभर अक्षरांत लिहिलं: चौथा फंड घेणाऱ्यांच्या मागे जोडीदाराला काहीही मिळत नाही, चूक माझी, आज पाचच्या आत बदला. मग एकेकाला फोन लावत बसलो. कुणी हसलं, कुणी आईवरून शिवी दिली, एका कंडक्टरने माझी कॉलर धरली आणि मी ती सोडवून घेतली नाही. ऑफिसच्या खिडकीवरच्या बाईंसमोर रांग लागली. फळ्याचा हा एक गुण मानला पाहिजे, जो फळ्यापर्यंत येऊ शकतो त्याला तो सांगतो. दोन वाजेपर्यंत तीस जणांनी अर्ज बदलला. राहिला तो एकच, आणि तो दुसऱ्या मजल्यावर नाकात नळी घालून पडला होता.

कोरा अर्ज घेऊन मी हॉस्पिटलात गेलो. बहीण बाहेर पाण्याच्या मशीनपाशी बाटली भरत होती. मी तिला सगळं सांगितलं, माझी चूक आधी. तिने ऐकून घेतलं आणि अर्ज बदलला तर किती मिळतील ते विचारलं. घरभाडं आणि गोळ्या-औषधं निघतील एवढे, मी म्हणालो. नाही बदलला तर काहीच नाही. तिने बाटलीचं झाकण लावलं.

“म्हणजे त्यांना जाऊन सांगायचं, तुम्ही मरणार आहात, इथे सही करा.”

मी म्हणालो, तसं कशाला सांगायचं, रजेचा अर्ज आहे म्हणू.

“ते वाचल्याशिवाय सही करत नाहीत, दादा. औषधाच्या पुडीवरचंसुद्धा वाचतात. तुझा फळा सोडून सगळं वाचतात.”

मी तिला समजावू लागलो. तुझे गुडघे गेलेत, तू कधी बाहेर नोकरी केली नाहीस, सगळं आयुष्य सासू-सासऱ्यांच्या आजारपणात गेलं, मूल नाही. मी आहे, पण तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठा आहे, माझा भरवसा किती? माझं बोलून संपलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “म्हातारपण माझं आहे ना? मग मी ठरवते. नको मला ते पैसे. रोज सकाळी ते विचारतात घरी जायला किती दिवस राहिले, मी सांगते, आणि ते झोपतात. एवढं त्यांच्याजवळ राहू दे.”

आम्ही बाकावर बसलो. समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि ते दोन मिनिटं मागे होतं. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. तिला आत्ता नको असलेले पैसे तिला पुढच्या वर्षी लागणार होते, त्याच्या पुढच्या वर्षी लागणार होते, मी गेल्यावर लागणार होते. नवरा चार दिवस सुखाने झोपेल, ही मात्र वीस वर्षं जागी राहील. हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की तिचा रागसुद्धा यायला लागला. पावणेचारला नर्सने तिच्या हातात चिठ्ठी दिली आणि ती खाली औषधाच्या दुकानात गेली.

मी आत गेलो. चोरासारखा, दुसरा शब्द नाही.

मला बघून दाजी म्हणाले, घड्याळ स्वतः आलं म्हणजे आज मला फारच उशीर झालेला दिसतो. मी हसलो. रजेचा अर्ज आहे म्हणून कागद त्यांच्या हातात दिला आणि चष्मा दिला. त्यांनी उशीवर मान सरळ केली आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, गाडी चालवायचे तसंच. मी त्या बोटाकडे बघत राहिलो. ते ‘सभासदाच्या पश्चात’ या शब्दांपाशी थांबलं.

“हा रकाना फळ्यावर नव्हता,” ते म्हणाले.

“चुकलो. मीच पुसला.”

त्यांनी पुढचं वाचलं. शेवटची तारीख वाचली. मग कागद छातीवर ठेवून छताकडे बघत म्हणाले, पुढच्या आठवड्यात घरी गेल्यावर सही केली तर चालणार नाही का? विचारता विचारता त्यांचा आवाज बारीक होत गेला. दिवसातून शंभर जणांना मी वेळ सांगतो. किती वाजता येणार, किती वाजता सुटणार, किती उशीर आहे. मला तोंड उघडता आलं नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“हिला विचारलंत?”

“विचारलं. नको म्हणाली.”

“मग तुम्ही का आलात?” हे त्यांनी रागाने विचारलं नाही.

“ती मागे राहणार आहे,” मी म्हणालो.

त्यांनी हात पुढे केला. मी खिशातलं पेन दिलं. सुई टोचलेल्या हाताने त्यांनी सही केली, एकेक अक्षर काढत, आडनावासकट. मग चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि कुशीवर वळले.

जिन्यात बहीण भेटली. हातात औषधांची पिशवी होती. तिने माझा चेहरा पाहिला, हातातला कागद पाहिला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी धावत वर गेली. मी खाली आलो.

खिडकीवर पोचलो तेव्हा पाचला आठ मिनिटं होती. बाईंनी जुनी सही काढून शेजारी ठेवली. जुळत कुठे होती? जुनी ताठ, नवी मुंग्या फिरल्यासारखी. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन त्यांचा चेहरा आंबला होता. त्यांनी सहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हॉस्पिटलचं नाव विचारलं आणि शिक्का मारला. मी तिथल्या पायरीवर बसून रडलो. सुटलो म्हणून रडलो असंच तेव्हा वाटलं.

दाजी पाचव्या दिवशी गेले.

बहिणीला पुढच्या महिन्यापासून निम्मी पेन्शन सुरू झाली. फळ्याचा तो नियम मी मोडून टाकला. आता सगळं लिहितो, सारखं असलं तरी लिहितो, फळा गच्च भरलेला असतो आणि ड्रायव्हर कुरकुरतात की पाणी संपतं पण वाचून होत नाही. कुरकुरू देत. कंपनीने सहा रकान्यांचा तो तक्ता छापून सगळ्या डेपोंना पाठवला आणि मला कौतुकाचं पत्र दिलं. ते पत्र मी बायकोला दाखवलं नाही.

बहीण मात्र सात महिने माझ्या घरी आली नाही. फोन उचलायची, बरी आहे म्हणायची, ठेवायची. शेवटी एका दुपारी मीच गेलो. तिने दार उघडलं, खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. घर नीट होतं. भाडं दिलेलं होतं, गोळ्यांचा डबा भरलेला होता. मी विचारलं, पैसे वेळेवर येतात ना?

“येतात. एक तारखेला येतात. तू होतास म्हणून येतात, हे मला कळतं, दादा. मी काही आंधळी नाही.”

मला बरं वाटलं. मी ग्लास खाली ठेवला. मग तिने समोरच्या भिंतीकडे बघत, आवाज न चढवता पुढचं सांगितलं.

“तू सही घेऊन गेलास त्यानंतर ते माझ्यावर एकदाही खेकसले नाहीत. चहा कोमट असला तरी पीत होते. पाणी दिलं की आभार मानायचे. पांघरूण घातलं की आभार मानायचे. तुला फार त्रास देतोय, म्हणायचे. सव्वीस वर्षांत कधी असं बोलले नव्हते. शेवटचे पाच दिवस माझ्या घरचं माणूस त्या खाटेवर नव्हतंच, कुणीतरी पाहुणा होता. आणि मी त्या पाहुण्याची उशी सारखी करत होते.”